थांबा कुठे आणि पुढे काय? : कामाचा क्रम लिहिणाऱ्या संगणकीय भाषा

१९९८ सालची गोष्ट. पुसदमध्ये मी टंकलेखन आणि संगणकावरच्या कामांचे एक छोटे दुकान चालवत होतो. शिक्षण वाणिज्य शाखेचे. संगणक शिकलो तो पुस्तके वाचून आणि चुका करून. त्या वर्षी एका पतसंस्थेने कर्जप्रकरणांची नोंद ठेवणारा प्रोग्राम करून मागितला. फॉक्सप्रोमध्ये मी तो करून दिला. अर्ज आला की दोन कामे एकाच वेळी सुरू होत. एकीकडे संस्थेचा कर्मचारी अर्जदाराच्या घरी, शेतावर जाऊन तपासणी अहवाल लिही. दुसरीकडे दोन जामीनदारांची संमती घेतली जाई. दोन्ही गोष्टी जमा झाल्या की प्रकरण कर्ज समितीच्या बैठकीत जाई. तोवर पडद्यावर एकच शब्द दिसे : 'प्रलंबित'.

पुढच्या वर्षी मे महिन्यात एका शेतकऱ्याने बैलजोडीसाठी अर्ज केला. तपासणी अहवाल आला. एका जामीनदाराने संमती दिली, दुसऱ्याने तोंडी नकार दिला. माझ्या प्रोग्राममध्ये संमतीची तारीख लिहायला रकाना होता. नकार लिहायला जागाच नव्हती. म्हणून कर्मचाऱ्याने रकाना रिकामा ठेवला. समितीला वाटले, प्रकरण शाखेकडे आहे. शाखेला वाटले, समितीकडे आहे. शेतकरी दर बाजाराच्या दिवशी येऊन विचारी आणि त्याला उत्तर मिळे, 'कॉम्प्युटरवर प्रलंबित दाखवते.' मृग लागला, पेरण्या सुरू झाल्या. त्याने भाड्याच्या बैलांनी पेरणी केली आणि 'कॉम्प्युटरवाल्या'चा पत्ता काढत माझ्या दुकानी आला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "नाही म्हनलं असतं तरी चाललं असतं भाऊ. म्या दुसरं दार पाह्यलं असतं."

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. प्रोग्राम बिघडलेला नव्हता. त्यातली प्रत्येक ओळ मी सांगितले तसेच काम करत होती. चूक ओळींमध्ये नव्हती, कामाच्या क्रमात होती. आणि तो क्रम कुठेही एका जागी लिहिलेलाच नव्हता. थोडा माझ्या डोक्यात, थोडा शाखाधिकाऱ्याच्या सवयीत, थोडा संस्थेच्या उपविधीत, असा तो विखुरलेला होता. असा क्रम आधी लिहून, त्यातली कोंडी आधीच दिसावी, अशी एखादी भाषा आहे का, या प्रश्नाचा माग काढत मी जे शिकलो ते या लेखात मांडत आहे.

वेगळी भाषा कशाला?

वाचक विचारतील, संगणकाच्या भाषा मुळात काय कमी आहेत? कमी नाहीत, पण त्यांचा पिंड वेगळा आहे. फॉक्सप्रोतला प्रोग्राम काही सेकंद चालतो आणि संपतो. कर्जप्रकरण चाळीस दिवस जगते. त्या काळात ते पाच माणसांच्या हातून जाते, मधे सुट्या येतात, कोणी रजेवर जाते, एखादा कागद मागे पाठवला जातो. या चाळीस दिवसांतला बहुतेक वेळ काम चालू नसते, वाट पाहणे चालू असते. नेहमीच्या भाषांत 'हे कर, मग ते कर' हे उत्तम लिहिता येते. 'अमुक घडेपर्यंत थांब, आणि घडलेच नाही तर असे कर' हे अनेक दिवसांच्या हिशेबाने लिहिणे अवघड जाते.

ही गरज संगणकाच्याही आधी ओळखली गेली होती. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकी दांपत्याने १९२१ मध्ये यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाचा क्रम चित्राने मांडण्याची पद्धत ठेवली. त्याच संस्थेने १९४७ साली अशा तक्त्यांसाठी पाच खुणा प्रमाण ठरवल्या : कृती, वाहतूक, तपासणी, साठवण आणि विलंब. विलंबाला स्वतःची वेगळी खूण होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. माझ्या प्रोग्राममध्ये नेमकी तीच नव्हती.

सोंगट्यांचा डाव

पुढचे मोठे पाऊल कार्ल अ‍ॅडम पेट्री या जर्मन गणितज्ञाचे. १९६२ मधल्या प्रबंधात त्याने जी कल्पना मांडली, तिच्यातून आज 'पेट्री नेट' म्हणून ओळखली जाणारी चित्रभाषा घडली. ती समजायला गणित लागत नाही. सारीपाटाची सोंगटी डोळ्यांपुढे आणली तरी पुरे.

कागदावर काही वर्तुळे काढा, ती घरे. काही चौकोन काढा, त्या क्रिया. घरातून क्रियेकडे आणि क्रियेतून घराकडे बाण काढा. घरात सोंगटी असणे म्हणजे तेवढी गोष्ट झालेली असणे. नियम एकच : क्रियेकडे ज्या ज्या घरांतून बाण येतात, त्या सगळ्या घरांत सोंगटी असेल तरच ती क्रिया घडू शकते. घडली की त्या प्रत्येक घरातली एक सोंगटी उचलली जाते आणि पुढच्या प्रत्येक घरात एक ठेवली जाते.

आता माझे कर्जप्रकरण मांडून पाहू. 'अर्ज आला' या घरात एक सोंगटी. 'नोंद करणे' ही क्रिया घडली की दोन घरांत एकेक सोंगटी जाते : 'तपासणी बाकी' आणि 'जामीन बाकी'. तपासणी झाली की पहिली सोंगटी 'अहवाल तयार' या घरात येते. जामीनदारांनी होकार दिला तर दुसरी 'संमती तयार' या घरात येते. 'समितीची बैठक' या क्रियेला दोन्ही हव्यात. पण जामीनदाराने नकार दिला तर? दुसरी सोंगटी 'नकार' या घरात जाते, आणि तिथून बाहेर एकही बाण नाही. 'अहवाल तयार' या घरातली सोंगटी बैठकीची वाट पाहत राहते. बैठक कधीच होणार नाही. हे चित्र काढायला मला दहा मिनिटे लागली. पण काढले ते शेतकरी येऊन गेल्यानंतर काही वर्षांनी.

पेट्रीची कल्पना कार्यालयीन कामाला लावण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले. मायकेल झिस्मन याने १९७७ च्या प्रबंधात कार्यालयातल्या कामांचा क्रम पेट्री नेटच्या आधाराने लिहिला. १९९० च्या दशकात विल व्हान डर आल्स्ट या डच संशोधकाने या विचाराला कसोटी दिली. त्याच्या मते कामाचा क्रम निर्दोष म्हणायचा तर तीन अटी पुऱ्या व्हाव्यात. सुरू झालेले प्रकरण कुठल्याही टप्प्यावर असो, तिथून शेवटापर्यंत पोहोचण्याची वाट असली पाहिजे. शेवट झाला की मागे एकही सोंगटी उरता कामा नये. आणि जी क्रिया कधी घडूच शकत नाही अशी क्रिया चित्रात नसावी. या तिन्ही अटी संगणक स्वतः तपासू शकतो, तेही प्रोग्राम एकदाही न चालवता. माझे चित्र पहिल्याच अटीत नापास झाले असते.

माणसाला विसरलेली भाषा

मग प्रश्न सुटला म्हणायचा का? नाही. पेट्री नेट अभ्यासकांना आवडते, पण बाजारात चालली ती वेगळी भाषा. २००२ मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि बीईए या कंपन्यांनी मिळून एक भाषा जाहीर केली. तिला पुढे 'बीपेल' हे छोटे नाव पडले आणि २००७ मध्ये तिची दुसरी आवृत्ती प्रमाण म्हणून मान्य झाली. दोन भाषांच्या विलीनीकरणातून ती जन्मली होती. आयबीएमच्या भाषेत काम बाणांनी जोडले जाई, मायक्रोसॉफ्टच्या भाषेत एकात एक बसणाऱ्या कप्प्यांनी. तडजोड म्हणून बीपेलमध्ये दोन्ही पद्धती आल्या, त्यामुळे एकच गोष्ट दोन तऱ्हांनी लिहिता येऊ लागली.

बीपेलचे बळ मोठे होते. एका कंपनीचा संगणक दुसऱ्या कंपनीच्या संगणकाला मागणी पाठवतो, उत्तराची वाट पाहतो, मुदत टळली तर दुसऱ्याला विचारतो, अर्धवट झालेला व्यवहार उलटा फिरवतो, हे सगळे तिच्यात नीट लिहिता येई. पण मूळ भाषेत माणूस नव्हता. प्रत्येक पायरी म्हणजे एखाद्या यंत्राने दिलेली सेवा. साहेबांची सही, बैठकीचा निर्णय, जामीनदाराचा होकार यांना मूळ व्याकरणात स्थान नव्हते. ते पुढे पुरवणी म्हणून जोडावे लागले. शिवाय ती एक्सएमएल या लिपीसारख्या मजकुरात लिहायची, चित्राचे प्रमाण रूप तिला नव्हते. शाखाधिकाऱ्यासमोर ती ठेवून 'तुमचे काम असेच चालते ना?' असे विचारण्याची सोय नव्हती.

आणखी एक अडचण आपल्या कार्यालयांच्या ओळखीची आहे. आपल्याकडे कागद पुढे जितका जातो तितकाच मागे येतो. त्रुटीपूर्ततेसाठी परत, स्वाक्षरी राहिली म्हणून परत. चित्रात असा उलटा बाण कुठूनही कुठेही काढता येतो. कप्प्यांच्या भाषेत एका कप्प्यातून उडी मारून दुसऱ्याच्या मध्यात शिरता येत नाही. त्यामुळे चित्राचे बीपेलमध्ये भाषांतर करताना कामाचा आकारच बदलावा लागे.

घड्याळ आणि लिफाफा

ही पोकळी 'बीपीएमएन' या चित्रभाषेने भरली. तिचा पहिला आराखडा २००४ मध्ये आला. जानेवारी २०११ मध्ये दुसरी मोठी आवृत्ती निघाली आणि २०१३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. २०११ च्या आवृत्तीने चित्र कसे काढायचे एवढेच सांगितले नाही. संगणकाने त्या चित्राचा अर्थ कसा लावून ते चालवायचे, हेही ठरवले. म्हणजे माणूस पाहतो तेच चित्र यंत्र चालवते.

तिची मुख्य चिन्हे पाच मिनिटांत शिकता येतात. वर्तुळ म्हणजे घटना. गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम. तिरका चौकोन म्हणजे वाटा फुटण्याची किंवा मिळण्याची जागा. त्यात फुली असेल तर अनेकांपैकी एकच वाट, अधिकचे चिन्ह असेल तर सगळ्या वाटा एकाच वेळी. वर्तुळात घड्याळ असेल तर ती मुदत, लिफाफा असेल तर बाहेरून आलेला निरोप. आणि हे सगळे आडव्या पट्ट्यांत मांडायचे; प्रत्येक पट्टा एकेका जबाबदार व्यक्तीचा किंवा विभागाचा. काम पट्टा ओलांडते तिथे कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातो. माझे प्रकरण अशाच दोन पट्ट्यांच्या मधल्या रेषेवर हरवले होते.

चित्रातून प्रोग्राम घडवण्याचे काम महाराष्ट्रातही झाले आहे. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये पुण्यात टाटा संशोधन, विकास आणि आरेखन केंद्र स्थापन झाले. तिथल्या संशोधकांनी आराखड्यांवरून प्रोग्राम तयार करणारी साधने बनवली, आणि एका आराखड्याचे दुसऱ्यात रूपांतर कसे लिहावे याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या घडणीतही टाटा कन्सल्टन्सीचा सहभाग होता. तरी ही विद्या आपल्या तालुक्याच्या गावांपर्यंत आली नाही, कारण ती मोठ्या कंपन्यांची आहे असा समज राहिला. प्रत्यक्षात तिचा उत्तम नमुना प्रत्येक गावच्या चावडीत आहे.

कलम १५० वाचताना

तो नमुना म्हणजे फेरफार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५० मी जेव्हा बीपीएमएनची पेन्सिल हाती घेऊन वाचले, तेव्हा चकित झालो. त्यातला क्रम असा. जमिनीवरचा हक्क बदलल्याची खबर आली की तलाठी (हल्लीचे नाव ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद घेतो. नोंदीची प्रत चावडीत लावतो आणि हितसंबंध असलेल्या सगळ्यांना लेखी कळवतो. हरकतीसाठी पंधरा दिवस. कोणी हरकत घेतली, तोंडी किंवा लेखी, तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहायची आणि हरकत घेणाऱ्याला लगेच लेखी पोच द्यायची. अशा वादाचा निकाल एका वर्षात लागावा. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करू शकतो. प्रमाणित झाल्याशिवाय नोंद सातबारावर जात नाही, आणि संबंधितांवर नोटीस बजावल्याशिवाय प्रमाणित करता येत नाही.

पंधरा दिवसांच्या टप्प्याला बीपीएमएनमध्ये अगदी नेमके चिन्ह आहे. तिथे फुलीचा चौकोन चालत नाही, कारण फुलीच्या चौकोनात हाती असलेली माहिती पाहून वाट ठरते. इथे वाट ठरवते बाहेरचे जग. दोन वर्तुळे वाट पाहत असतात : लिफाफ्याचे, म्हणजे हरकत, आणि घड्याळाचे, म्हणजे मुदत. जे आधी घडेल ती वाट खरी, दुसरी बंद. दोन्हींना पुढे बाण आहे. माझ्या प्रोग्राममध्ये लिफाफ्याला जागा नव्हती आणि घड्याळ तर नव्हतेच. १९६६ च्या कायद्याने ज्या दोन गोष्टी लिहिल्या, त्या १९९८ मध्ये मी विसरलो.

पोच देण्याची अटही अशीच. तोंडी हरकत हवेत विरून जाऊ नये म्हणून तिचे कागदात रूपांतर करण्याची जबाबदारी कायदा हरकत घेणाऱ्यावर नव्हे, तलाठ्यावर टाकतो. त्या जामीनदाराचा तोंडी नकार लिहून घ्यायला माझ्याकडे एक रकाना असता, तर ती पेरणी वेगळी झाली असती.

थांबणे कोणाचे?

इथवर वाचून असे वाटेल की सगळे थांबे काढून टाकले की काम उत्तम. संगणक येण्याआधी आणि आल्यावरही सुधारणेचा अर्थ बहुधा तोच घेतला जातो. मीही घेत होतो. माझा समज बदलला तो घरच्या प्रसंगाने.

वडील गेले तेव्हा शेताच्या सातबारावर वारसांची नावे लावायची होती. आई, आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. बहीण सासरी नागपूरला. तिच्या नावाची नोटीस निघाली आणि तिचा फोन आला, "दादा, तू मला नोटीस पाठवलीस?" आवाजात भीती होती. मी कागदावर काढलेले चित्र तिला फोनवरच समजावले. नोटीस म्हणजे तुझ्यावर दावा नाही. तुझे नाव चुकले असेल, गाळले असेल, तर बोलायला कायद्याने ठेवलेली ही मुदत आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे पंधरा दिवस माझे."

हेच खरे होते. बाहेरून पाहिले तर फेरफारातले पंधरा दिवस नुसते वाया जाणारे दिसतात. पण ते कोणाच्या तरी मालकीचे असतात. दूर राहणाऱ्या बहिणीचे, शहरात कामाला गेलेल्या भावाचे, बांधाशेजारच्या शेतकऱ्याचे. ई-फेरफार प्रणालीत दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदणीची माहिती संगणकावरून थेट पुढे जाते, नोटीसही 'आपली चावडी'वर पाहता येते. कागदाच्या प्रवासातले दिवस वाचले, ते वाचायलाच हवे होते. हरकतीची मुदत मात्र यंत्र कितीही वेगवान झाले तरी तशीच राहिली पाहिजे.

म्हणून आता मी थांब्यांचे दोन प्रकार करतो. एक थांबा कोणाचा तरी हक्क असतो. त्याला मालक असतो, मुदत असते आणि पुढची वाट असते. दुसरा थांबा बेवारस असतो. बैलजोडीच्या प्रकरणातला थांबा बेवारस होता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवांना मुदती लावल्या, आणि मुदत टळली तर प्रथम अपील, द्वितीय अपील आणि शेवटी आयोग अशी वाट आखून दिली. बीपीएमएनच्या भाषेत सांगायचे तर कामाच्या चौकोनाच्या कडेवर घड्याळ चिकटवले आणि त्यातून बाहेर जाणारा बाण काढला. बेवारस थांब्याला वारस लावून देणारा हा कायदा आहे.

चित्रात न मावणारे

या भाषांचा फार गौरव करण्याचे कारण नाही. बीपीएमएनमध्ये चिन्हांचे इतके प्रकार झाले आहेत की बहुतेक माणसे त्यातली थोडीच वापरतात, आणि तेच बरे. पन्नास चौकोनांचे चित्र कोणी वाचत नाही. शिवाय चित्रात प्रत्येक पट्ट्यात जणू एक मोकळा माणूस बसलेला असतो. प्रत्यक्षात एकाच तलाठ्याकडे अनेक गावे असतात आणि एकाच टेबलावर शंभर प्रकरणे. सोंगटी घरात आहे एवढे चित्र सांगते, ती ढिगात कितवी आहे हे सांगत नाही. आणि चित्र काढणाऱ्याने जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर कुठलीच भाषा देत नाही. निर्दोषपणाची कसोटीही काढलेल्या चित्राचीच परीक्षा घेते. 'नकार' हे घरच मी काढले नसते, तर माझे कर्जप्रकरण तिन्ही अटींत उत्तीर्ण झाले असते.

त्या पतसंस्थेचा प्रोग्राम मी त्याच पावसाळ्यात दुरुस्त केला, पैसे न घेता. 'प्रलंबित' हा शब्द काढून टाकला आणि त्याच्या जागी चार रकाने केले : कोणाकडे, कधीपासून, कधीपर्यंत, आणि त्यानंतर काय. नकार आला की त्याच दिवशी अर्जदाराला पत्र निघे, 'दुसरा जामीनदार द्या, अन्यथा अर्ज निकाली काढला जाईल.' पहिल्या महिन्यात अशी सहा पत्रे निघाली. म्हणजे आणखी सहा माणसे कुठेतरी अडकून होती, आणि ती कोणाच्या हिशेबातही नव्हती.

दुकानात आजही लोक फेरफाराचे, वारसनोंदीचे अर्ज लिहून घ्यायला येतात. अर्जासोबत मी त्यांना पाठकोऱ्या कागदावर ते चित्र काढून देतो : चार पट्टे, एक घड्याळ, एक लिफाफा. पुढे कार्यालयात गेल्यावर 'काम कधी होईल?' असे विचारू नका, असे सांगतो. 'कागद आत्ता कोणाकडे आहे, किती दिवस राहील आणि त्यानंतर कुठे जाईल?' असे विचारा. पहिल्या प्रश्नाला 'होईल' एवढे उत्तर पुरते. दुसऱ्या प्रश्नाला पुरत नाही.